निम्म्यावर आला म्हणजे स्वस्त झाला का? २००० सालच्या तीन शेअरची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात किल्ला नाही की तह नाही. आज आपण फक्त पंचवीस वर्षं मागे जाणार आहोत. आकडे कानाने पकडणं अवघड जातं, म्हणून वाचणाऱ्यांसाठी ते इथे नीट लिहून दिलेत.

विषय असा आहे. एखादी झपाट्याने वाढणारी कंपनी असते. तिचा शेअर सगळ्यांना हवा असतो, पण भाव आवाक्याबाहेर गेलेला असतो. मग एक दिवस तो पडतो. तीस टक्के, चाळीस टक्के, कधी निम्म्यावर येतो. आणि आपल्या मनात येतं, हीच वेळ आहे. एकदम नको, थोडे थोडे घेऊ, हप्त्याहप्त्याने गोळा करू. तुमच्यापैकी कितीतरी जण मला हेच विचारतात: 'कंपनी चांगली आहे, शेअर पडलाय, आता भरायला घेऊ का?'

प्रश्न चुकीचा नाही. उलट खूप चांगला आहे. पण उत्तर आजच्या चार्टमध्ये सापडत नाही, कारण आजच्या चार्टला पुढचं पान नसतं. इतिहासाचा फायदा हा की तिथे पुढचं पान छापलेलं असतं. म्हणून आपण असे तीन शेअर घेऊ जे एकाच वादळात पडले: सिस्को, अॅमेझॉन आणि इन्फोसिस.

आधी वादळ

१० मार्च २०००. अमेरिकेतला नॅस्डॅक निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला. त्याआधीच्या एका वर्षात तो दुपटीहून जास्त वाढला होता. इंटरनेट नवीन होतं, आणि ज्या कंपनीच्या नावात डॉटकॉम आहे तिला पैसे मिळत होते. मग उतरण लागली. १४ एप्रिलला संपलेल्या एकाच आठवड्यात नॅस्डॅक पंचवीस टक्के पडला.

आता स्वतःला तिथे उभं करा. एका आठवड्यात पाव भाग गायब. याहून मोठी 'डिप' कोणती असणार? ज्यांनी तेव्हा खरेदी केली त्यांना काही महिने आपण फार शहाणे आहोत असंच वाटलं. कारण उन्हाळ्यात बाजार पुन्हा वर चढला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला निर्देशांक ४,२०० च्या आसपास होता. पण वर्षअखेर तो २,४७० वर आला. आणि तळ लागला तो थेट ९ ऑक्टोबर २००२ रोजी, १,११४ वर. म्हणजे शिखरापासून अठ्ठ्याहत्तर टक्के खाली. शिखराचा तो आकडा पुन्हा ओलांडायला एप्रिल २०१५ उजाडावं लागलं.

इथे एक साधं गणित सांगतो, पण ते पोटात गोळा आणतं. चौऱ्याण्णव टक्के पडलेला शेअर म्हणजे काय? तो शेअर आधी अठ्ठ्याऐंशी टक्के पडला, आणि त्यानंतर पुन्हा निम्मा झाला. शंभराचे बारा झाले तेव्हा कुणीतरी म्हणालं असणार, 'आता अजून किती पडणार?' आणि त्याच्या पैशाचे अर्धे झाले. टक्के शिखरापासून मोजले की खालचा भाग छोटा दिसतो. पण खाली खरेदी करणाऱ्यासाठी मोजपट्टी त्याच्या स्वतःच्या भावापासून नव्याने सुरू होते.

सिस्को: कंपनी खरी, भाव खोटा

सिस्को ही काही हवेतली कंपनी नव्हती. १९८४ मध्ये स्टॅनफर्डमधल्या लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी ती सुरू केली. राउटर आणि स्विच बनवायची, म्हणजे इंटरनेटच्या रस्त्यावरचे नाके आणि चौक. मार्च २००० मध्ये ती मायक्रोसॉफ्टला मागे टाकून जगातली सर्वांत जास्त बाजारमूल्याची कंपनी झाली. मूल्य साडेपाचशे अब्ज डॉलरच्या पुढे, शेअर ८० डॉलरला. जुलैमध्ये संपलेल्या त्या आर्थिक वर्षात तिचा नफा होता सुमारे २.७ अब्ज डॉलर. भागा: एक रुपया नफ्यासाठी लोक दोनशे रुपये मोजत होते.

डिसेंबर २००० मध्ये शेअर चाळीसच्या खाली आला. निम्मा! कंपनी तीच, प्रमुख जॉन चेंबर्स तेच, आणि त्यांच्या तोंडी अजून वर्षाला तीस ते पन्नास टक्के वाढीची भाषा. विक्रीचे मागचे आकडेही झकास. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की बाजार घाबरलाय, धंदा ठणठणीत आहे.

पण धंद्याच्या पोटात वेगळंच चाललं होतं. सिस्कोचे बरेच नवे ग्राहक म्हणजे कर्ज काढून जाळं उभारणाऱ्या टेलिकॉम कंपन्या आणि डॉटकॉम. त्यांना पैसे मिळणं बंद झालं, ऑर्डर आटल्या. ज्या बुडाल्या त्यांचे जेमतेम वापरलेले राउटर जुन्या मालाच्या बाजारात आले आणि सिस्कोच्याच नव्या मालाशी स्पर्धा करू लागले. इकडे कंपनीने मागणी वाढणार म्हणून माल भरून ठेवला होता. २००१ च्या वसंतात तिने दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा मालसाठा हिशेबातून पुसून टाकला आणि त्याच वर्षी सुमारे साडेआठ हजार लोकांना कामावरून कमी केलं. ऑक्टोबर २००२ मध्ये शेअर ८.६० डॉलरवर होता.

समजा, कुणीतरी शिस्तीत हप्ते पाडले. हजार डॉलरचे पाच भाग: एक साठला, एक पंचेचाळीसला, मग तीस, वीस आणि पंधराला. सरासरी किंमत पडली साडेसव्वीस डॉलर. ऐंशीच्या मानाने केवढी कमी! पण २०११ संपताना सिस्कोचा भाव होता सुमारे १८ डॉलर. दहा वर्षं थांबूनही तोटाच.

आणि आता खरी गंमत. या काळात कंपनी बुडाली नाही. उलट वाढली. जुलै २०१० मध्ये संपलेल्या वर्षात तिची विक्री सुमारे ४० अब्ज डॉलर होती आणि नफा पावणेआठ अब्जांच्या आसपास. म्हणजे नफा जवळजवळ तिप्पट झाला, आणि शेअर मात्र शिखराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही खाली. कंपनी चांगली असणं आणि तिचा शेअर त्या भावाला घेण्यासारखा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य पुस्तकात वाचून पटत नाही. सिस्कोचं दशक बघितलं की पटतं.

अॅमेझॉन: भाव कोसळत होता तेव्हा आत काय सुरू होतं

दुसरं टोक बघू. अॅमेझॉनचा शेअर डिसेंबर १९९९ मध्ये १०६ डॉलरच्या पुढे बंद झाला होता. सप्टेंबर २००१ अखेर तो सहा डॉलरच्या खाली बंद झाला. मघाशी सांगितलेले चौऱ्याण्णव टक्के ते हेच. हे त्या काळातले भाव आहेत. नंतर शेअरचे तुकडे झाले, म्हणून आजच्या चार्टवर ते वेगळे दिसतील.

नफा तर नव्हताच. २००० या एका वर्षात कंपनीला १.४ अब्ज डॉलरचा तोटा झाला. जून २००० मध्ये लेहमन ब्रदर्सचे विश्लेषक रवी सूर्या यांनी अहवाल काढून म्हटलं की हिच्याकडचे पैसे संपतील. शेअर एका दिवसात जवळपास पाचव्या हिश्शाने पडला. जानेवारी २००१ मध्ये कंपनीने १,३०० माणसं कमी केली. तेव्हा सूर्यांना मूर्ख म्हणणं सोपं नव्हतं आणि आजही ते अन्यायाचं होईल. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता: किती दिवस पुरेल एवढी रोख आहे?

आता दुसरी बाजू. जेफ बेझोस यांनी २००० सालाबद्दल भागधारकांना लिहिलेलं पत्र कुणालाही वाचायला मिळतं. सुरुवातीलाच ते कबूल करतात की वर्षभरात शेअर ऐंशी टक्क्यांहून जास्त पडलाय. मग आकडे येतात. ग्राहक १ कोटी ४० लाखांवरून २ कोटींवर गेले. विक्री १.६४ अब्ज डॉलरवरून २.७६ अब्जांवर. आणि सर्वांत महत्त्वाचं: शेवटच्या तिमाहीतला कामकाजाचा तोटा, कंपनीच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे, आदल्या वर्षी विक्रीच्या सव्वीस टक्के होता, तो सहा टक्क्यांवर आला. हाताशी १.१ अब्ज डॉलर रोख होती. या रोखीमागे नशिबाचाही भाग होता, कारण फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे बाजार फुटण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, कंपनीने युरोपात ६९ कोटी युरोचे कर्जरोखे विकले होते. तीन महिने उशीर झाला असता तर ते पैसे त्या अटींवर मिळाले असते का, कुणास ठाऊक.

पुढे २००१ च्या शेवटच्या तिमाहीत कंपनीने पहिला तिमाही नफा दाखवला. किती? पन्नास लाख डॉलर, शेअरमागे एक सेंट. रक्कम किरकोळ होती, पण सूर्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं.

आता इथेही तेच हप्ते पाडू. ऐंशी, साठ, चाळीस, वीस आणि दहा डॉलरला प्रत्येकी दोनशे डॉलर. सरासरी साडेचोवीस. सप्टेंबर २००१ मध्ये हजाराचे अडीचशेसुद्धा उरले नसते. पंचाहत्तर टक्के तोटा, तोही 'शिस्तीत' खरेदी करून! २००३ संपताना मात्र भाव पन्नासच्या पुढे होता, म्हणजे दुप्पट. ज्याने १०६ ला एकरकमी घेतले, त्याला आपले पैसे परत दिसायला ऑक्टोबर २००९ उजाडलं.

दोन्हीकडे हप्त्यांची पद्धत जवळपास एकच आणि सरासरीही जवळपास एकच, साडेसव्वीस आणि साडेचोवीस. निकाल मात्र जमीन-अस्मानाचा. म्हणजे फरक पद्धतीने पडला नाही. फरक पडला तो यामुळे, की भाव पडत असताना एका कंपनीचे आकडे बिघडत गेले आणि दुसरीचे सुधारत गेले.

इन्फोसिस: आपल्या अंगणातली गोष्ट

आता पुण्यात येऊ. जुलै १९८१ मध्ये सात इंजिनिअरांनी दहा हजार रुपयांवर इन्फोसिसची सुरुवात केली ती पुण्यात. १९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली. १९९३ च्या फेब्रुवारीत ९५ रुपयांनी शेअर विक्रीला काढले, तेव्हा पूर्ण खपलेही नाहीत आणि मॉर्गन स्टॅन्लीने मोठा हिस्सा उचलला म्हणून निभावलं. मार्च १९९९ मध्ये तीच कंपनी नॅस्डॅकवर नोंद झालेली पहिली भारतीय कंपनी झाली. मग काय, आपल्याकडे आयटी म्हणजे सोनं.

मार्च २००० अखेर इन्फोसिसचं बाजारमूल्य सुमारे ५९ हजार कोटी रुपये होतं, आणि त्या वर्षीचा नफा सुमारे २९० कोटी. भागाकार करा. पुन्हा दोनशे पट! सिस्कोसारखंच.

एका वर्षाने, मार्च २००१ अखेर, बाजारमूल्य सुमारे २७ हजार कोटींवर आलं. निम्म्याहून कमी. नफा मात्र त्याच वर्षात दुपटीहून वाढून सुमारे ६२९ कोटी झाला. धंदा वर, भाव खाली. आता तर डोळे मिटून घ्यायला हवं, नाही का?

बघा काय झालं. २००१-०२ मध्ये नफा सुमारे ८०८ कोटी. २००२-०३ मध्ये सुमारे ९५८ कोटी. आणि मार्च २००३ अखेर बाजारमूल्य? तेच, सुमारे २७ हजार कोटी. दोन वर्षांत नफा दीडपट आणि भाव जागच्या जागी. त्यावर कडी म्हणजे १० एप्रिल २००३. कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज जाहीर केला, वाढ मंदावेल असं त्यातून दिसलं, आणि शेअर एका दिवसात पाव भागाहून जास्त पडला. दोन वर्षं धीर धरलेल्या माणसाचा धीर सुटण्याचा दिवस म्हणजे तो.

त्यानंतरच्या वर्षात इन्फोसिसची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली, आणि मार्च २००५ अखेर बाजारमूल्य सुमारे ६१ हजार कोटींवर पोहोचलं. म्हणजे मार्च २००० ची पातळी परत यायला पाच वर्षं लागली, आणि तोपर्यंत वार्षिक नफा २९० कोटींवरून १,८०० कोटींच्या पुढे गेला होता. नफा सहापटीहून जास्त वाढला तेव्हा कुठे जुना भाव 'खरा' झाला.

आजच्या भागाचा गाभा मला विचाराल तर हाच. पडलेला शेअर बघताना आपण शिखरापासूनचं अंतर मोजतो: शंभर होता, पन्नास झाला, म्हणजे पन्नासची सूट. पण शिखराचा भाव काही छापील किंमत नसते, की त्यावर सूट मिळावी. तो एका दिवशी काही लोकांनी उत्साहात दिलेला भाव असतो. मोजायचं ते धंद्यापासूनचं अंतर: आजच्या भावाला न्याय द्यायचा तर या कंपनीचा नफा किती पट वाढावा लागेल, आणि तसं होताना दिसतंय का? मार्च २००० च्या इन्फोसिसला सहापट वाढ लागली. मार्च २००३ ची इन्फोसिस नफ्याच्या अठ्ठावीस पटीला मिळत होती. कंपनी तीच, पण आपण करत होतो तो सौदा पूर्ण वेगळा.

ज्यांना पुढचं पान मिळालंच नाही

तीनच कंपन्यांची गोष्ट सांगून थांबलो तर लबाडी होईल, कारण या तिन्ही टिकल्या. त्याच काळात दलाल स्ट्रीटवर केतन पारेख यांच्या आवडीचे शेअर 'के-१०' म्हणून ओळखले जायचे. डीएसक्यू सॉफ्टवेअर, पेंटामीडिया ग्राफिक्स, सिल्व्हरलाइन टेक्नॉलॉजीज, हिमाचल फ्युचरिस्टिक. तेव्हा यांचीही नावं इन्फोसिसच्या जोडीने घेतली जायची. यांतली कितीतरी तुम्ही आज पहिल्यांदा ऐकली असतील. हीच त्यांची गोष्ट. जो शेअर नव्वद टक्के पडून परत आला त्याचे व्हिडिओ बनतात. जो परत आला नाही त्याचा चार्ट कुणी दाखवत नाही.

त्या कोसळण्याला धार आणली उधारीने. तेव्हा मुंबईत 'बदला' पद्धत होती. घेतलेल्या शेअरचे पूर्ण पैसे न देता व्याज भरून सौदा पुढच्या खात्यात ढकलायचा. भाव चढता असेल तर मजा. उतरायला लागला की पैशाची मागणी येते, पैसे नसले की शेअर विकावे लागतात, विकले की भाव आणखी पडतो. बुडत्याचा पाय खोलात. मार्च २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या पे ऑर्डर वटल्या नाहीत, बँक ऑफ इंडियाचे १३७ कोटी रुपये अडकले, आणि महिनाअखेरीस पारेख यांना अटक झाली. सेबीने २ जुलै २००१ पासून बदला बंद केला.

बदला गेला, पण उधारी गेली नाही. ॲपवर 'मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी' असं भारदस्त नाव दिसतं ना? तुम्ही थोडे पैसे भरा, बाकीचे ब्रोकर देईल, व्याज लागेल. नियम आता कडक आहेत, पण गणिताचा स्वभाव तोच. अॅमेझॉनचा शेअर चाळीसला उधारीवर घेणाऱ्याचं शेवटी खरंच ठरलं असतं. फक्त ते बघायला त्याच्याकडे शेअर उरले नसते.

आणि एक काटेरी मुद्दा. मी सारखं 'धंद्याचे आकडे बघा' म्हणतोय. पण आकडेच खोटे असले तर? सत्यम आठवा. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख अस्तित्वातच नाही. शेअर त्या दिवशी तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला. तेव्हा कितीही अभ्यास केला तरी एका कंपनीत किती पैसे घालायचे याला मर्यादा हवीच. अभ्यासाने धोका कमी होतो, संपत नाही.

माझ्या कामातून सुचलेली एक गोष्ट

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आमच्याकडे नवीन कोड एकदम सगळ्या वापरकर्त्यांना देत नाहीत. आधी पाच टक्के लोकांना द्यायचा, लॉग बघायचे, एरर वाढल्या नाहीत ना ते तपासायचं, मग वीस टक्के, मग पन्नास. टप्पे यासाठी असतात की मधे थांबून बघता यावं.

शेअर हप्त्याने घेणं म्हणजे तेच. पण बहुतेक जण काय करतात? 'दहा टक्के पडला की घ्यायचा, अजून दहा पडला की दुप्पट घ्यायचा.' मधे काही तपासतच नाहीत. हे म्हणजे एरर वाढल्या म्हणून रोलआउट वाढवणं झालं! आमच्याकडे असं कुणी केलं तर रात्री दोनला त्यालाच फोन जाईल.

म्हणून माझी पद्धत अशी. हप्ते भावाला बांधायचे नाहीत, तिमाही निकालांना बांधायचे. पहिला हप्ता छोटा. मग निकाल येऊ द्यायचा. विक्री वाढतेय का? मालसाठा आणि ग्राहकांकडची येणी विक्रीपेक्षा वेगाने फुगत नाहीत ना? सिस्कोच्या बाबतीत हाच प्रश्न कामाचा होता. कर्ज किती, आणि हातातली रोख किती दिवस पुरेल? अॅमेझॉनच्या बाबतीत हा. आजच्या नफ्याच्या किती पटीने मागतायत? हा तिघांच्याही बाबतीत. उत्तरं बरी असली तरच पुढचा हप्ता, मग भाव थोडा वर गेलेला असला तरी चालेल. उत्तरं बिघडली तर भाव कितीही पडो, हप्ता बंद. चढ्या भावाने दुसरा हप्ता घ्यायला मन तयार होत नाही, मान्य. पण मधल्या काळात आपल्याला जी माहिती मिळाली, त्या जादाच्या पैशांत आपण तिची किंमत देत असतो.

अजून एक गोष्ट, विशेषतः हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या ऑफिसांत बसून हे ऐकणाऱ्यांसाठी. वर सांगितलेल्या माणूसकपातीच्या तारखा पुन्हा बघा. अॅमेझॉनची जानेवारी २००१, सिस्कोचीही २००१. शेअर स्वस्त होत होते तेव्हाच त्या क्षेत्रातल्या नोकऱ्या जात होत्या. तुमचा पगार आयटीतून, ईसॉप आयटीचे, आणि पडलाय म्हणून गोळा करताय तो शेअरही आयटीचा, तर तिन्ही अंडी एकाच टोपलीत आहेत. ती टोपली पडेल त्याच महिन्यात घरभाडं आणि आईच्या औषधांचे पैसेही लागतील. मग तळाच्या भावाला शेअर विकावा लागतो. चुकीचा शेअर घेतला म्हणून नव्हे, थांबायला पैसे नव्हते म्हणून. इन्फोसिसवाल्याला पाच वर्षं लागली, अॅमेझॉनवाल्याला दहा. एवढं थांबायचं तर आधी सहा-आठ महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला हवा. माझ्या हिशेबात पहिला हप्ता तोच, शेअरचा नंतर.

मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही. इथे घेतलेल्या कंपन्यांची नावं इतिहास म्हणून घेतलीत, आज त्यांचे शेअर घ्या किंवा विका असं मी म्हणत नाहीये.

पण एक काम मात्र करा. तुमच्या ॲपमध्ये जो पडलेला शेअर तुम्ही रोज उघडून बघता, त्याचा चार्ट आज बघू नका. कंपनीचे मागच्या आठ तिमाहींचे निकाल काढा आणि कागदावर चारच ओळी लिहा: विक्री, नफा, कर्ज, रोख. मग आजचं बाजारमूल्य भागिले वर्षाचा नफा. या पाच आकड्यांसाठी अर्धा तास लागेल. त्यानंतरही घ्यावासा वाटला तर पहिला छोटा हप्ता घ्या, आणि पुढच्या निकालाची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

भेटू पुढच्या भागात.